आठवा सर्व्हर

२७ जुलै २०१२. न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी १ ऑगस्टपासून नवी सोय सुरू व्हायची आहे. न्यू जर्सीची नाइट कॅपिटल ही दलाली पेढी आपली ‘स्मार्स’ प्रणाली तिला जोडून घेते आहे. स्मार्स ग्राहकाची ऑर्डर घेते, तुकडे करून बाजारात पाठवते आणि मूळ ऑर्डर भरली की थांबते. मधे माणसाचा हात लागत नाही.

आठ सर्व्हरवर नवा कोड टप्प्याटप्प्याने चढवायचा होता. सातांवर चढतो, आठवा तंत्रज्ञाकडून राहून जातो. दुसऱ्या कोणी तपासावं, असा लेखी नियमच नाही.

त्या आठव्यावर ‘पॉवर पेग’ हा जुना कोड तसाच पडून आहे. त्याचा वापर २००३ मध्येच बंद झाला, पण तो काढून कोणी टाकला नाही. किती शेअर भरले हे मोजून त्याला थांबवणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर पॉवर पेगची पुन्हा चाचणी झाली नाही. आता नवा कोड चालू करण्यासाठी निवडलेला फ्लॅग कोणता? एके काळी पॉवर पेग चालू करणारा, तोच.

१ ऑगस्ट, सकाळी ८.०१. यंत्रणा आपणहून ईमेल धाडू लागते. त्यात स्मार्सचा उल्लेख आहे आणि चूकही लिहिलेली आहे : ‘पॉवर पेग डिसेबल्ड’. बाजार उघडेपर्यंत अशा ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे जातात. पण त्या धोक्याचा इशारा म्हणून बनवलेल्याच नाहीत, आणि त्या वाचायचा रिवाजही नाही. (असल्या ईमेलचं एखादं न उघडलेलं फोल्डर आपल्याकडेही असतंच.)

९.३०. बाजार उघडतो. आठव्या सर्व्हरवर नव्या सोयीच्या ऑर्डरी येतात आणि पॉवर पेग जागा होतो. ऑर्डर भरली हे त्याला कळतच नाही. तो पाठवत सुटतो.

पुढचा पाऊण तास. चुकीचे सौदे ज्या खात्यात साचताहेत, त्याला २० लाख डॉलरची मर्यादा घालून दिलेली आहे. मात्र ऑर्डरी रोखणाऱ्या यंत्रणेशी ती मर्यादा जोडलेली नाही. साठा दाखवणारा पडदा आहे, पण त्याच्याकडे माणसाने बघायचं. तो स्वतः ओरडत नाही. मला यातलं हेच सर्वांत अक्षम्य वाटतं. बाजाराशी जोडणी केली, ब्रेकशी केली नाही.

मग तंत्रज्ञ उपाय करतात : नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकतात. आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला! आता त्या सातांवरही पॉवर पेग धावू लागतो.

१०.१५ च्या सुमारास. ऑर्डरी थांबतात. ग्राहकांच्या लहानशा २१२ ऑर्डरी भरायला निघालेल्या यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये सुमारे ४० लाख सौदे करून ठेवलेत. ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअर. ८० कंपन्यांत साधारण ३५० कोटी डॉलरची खरेदी अंगावर, ७४ कंपन्यांत ३१५ कोटींची विक्री.

नंतर. हे सगळं निस्तरताना ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. ६ ऑगस्टला गुंतवणूकदारांच्या एका गटाने ४० कोटी डॉलर ओतून पेढी तगवली. पुढच्या जुलैत ती गेटको कंपनीत विलीन झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला.