आजीवन मानसिक विकास

मानवी मनाचा विकास जन्मापासून मृत्यूपर्यंत चालू राहतो, हे गृहीत धरून त्या विकासाचा क्रम, त्याची कारणे व त्यातील व्यक्तिभेद ह्यांचा अभ्यास करणारी मानसशास्त्रातील विचारधारा. विकास पौगंडावस्थेच्या अखेरीस पुरा होतो, त्यानंतर काही काळ स्थैर्य राहते व शेवटी ऱ्हास सुरू होतो, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारणपणे रूढ होता. तो मागे कसा पडला आणि त्याच्या जागी आलेल्या सिद्धांतांनाही कोणत्या मर्यादा आढळल्या, हा ह्या विचारधारेच्या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : आयुष्याचे टप्पे पाडण्याची कल्पना प्राचीन आहे. भारतीय धर्मशास्त्रातील ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ व संन्यास हे चार आश्रम सुपरिचित आहेत. तथापि ही व्यवस्था मुख्यतः त्रैवर्णिक पुरुषांसाठी असून ती माणसाने कसे जगावे हे सांगते. माणसे प्रत्यक्षात कशी बदलतात, ह्याचा शोध हा तिचा हेतू नव्हे. यूरोपात योहान निकोलाउस टेटेन्स ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७७७ मध्ये मानवी स्वभाव व त्याचा विकास ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. १८३५ मध्ये आदॉल्फ केटले ह्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मानवाच्या शारीरिक, बौद्धिक व नैतिक गुणांत वयानुसार पडणारे फरक आकड्यांच्या साहाय्याने मांडले. ह्या दोघांनाही संपूर्ण आयुष्याचा विचार अभिप्रेत होता. परंतु ही परंपरा पुढे खंडित झाली. उत्क्रांतिवादाच्या प्रभावामुळे अभ्यासकांचे लक्ष बालकाकडे वळले. चार्ल्‌स डार्विन ह्यांनी आपल्या मुलाविषयी केलेल्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या व १८८२ मध्ये व्हिल्हेल्म प्रायर ह्यांचा बालमनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर विकासाचे मानसशास्त्र म्हणजे बालमानसशास्त्र, असे समीकरण दीर्घकाळ टिकले.

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्यांच्या मते व्यक्तिमत्त्वाची मूळ घडण पहिल्या पाचसहा वर्षांत होते. झां प्याजे (१८९६–१९८०) ह्यांच्या सिद्धांतात बौद्धिक विकासाची चौथी व अखेरची अवस्था अकराबाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. प्रौढ वयात मनात नवे काही घडते काय, हा प्रश्न ह्या दोन्ही सिद्धांतांच्या केंद्रस्थानी नव्हता. ह्या काळात काही अपवादही आढळतात. पौगंडावस्थेवर १९०४ मध्ये द्विखंडात्मक ग्रंथ लिहिणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल ह्यांनी क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर १९२२ मध्ये वार्धक्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वार्धक्याला स्वतःची मानसिक वैशिष्ट्ये असतात, असे प्रतिपादन केले. व्हिएन्ना येथे शार्लट ब्यूलर (१८९३–१९७४) ह्यांनी अनेक जीवनचरित्रांच्या अभ्यासावरून मानवी जीवनक्रमावरील आपला ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला.

एरिक्‌सन ह्यांचा सिद्धांत : संपूर्ण आयुष्याचा सर्वांत प्रभावी आराखडा एरिक एरिक्‌सन (१९०२–९४) ह्यांनी बाल्यावस्था व समाज ह्यांवरील १९५० च्या ग्रंथात मांडला. व्हिएन्ना येथे मनोविश्लेषणाचे शिक्षण घेऊन ते १९३३ मध्ये अमेरिकेत गेले. तेथे सू व युरोक ह्या मूलनिवासी जमातींतील बालसंगोपनाचे निरीक्षण केल्यावर, विकासाचा विचार समाजापासून अलग करता येत नाही, हे त्यांचे मत दृढ झाले. त्यांच्या मते आयुष्यात आठ अवस्था येतात व प्रत्येक अवस्थेत व्यक्तीसमोर एक विशिष्ट पेच उभा राहतो. शैशवात विश्वास की अविश्वास, पौगंडावस्थेत स्वत्वाची निश्चिती की संभ्रम, तरुणपणी जवळीक की एकाकीपणा, मध्यमवयात पुढील पिढीची जोपासना की साचलेपण आणि वार्धक्यात जगलेल्या आयुष्याचा समाधानाने स्वीकार की वैफल्य, हे त्यांपैकी काही पेच होत. कोणताही पेच कायमचा सुटत नाही; मागील अवस्थेत राहिलेली उणीव पुढील अवस्थेत पुन्हा डोके वर काढते व तेथे ती काही अंशी भरूनही निघू शकते.

मानवी जीवनचक्रावरील एका परिसंवादाच्या निमित्ताने एरिक्‌सन १९६२ मध्ये अहमदाबाद येथे आले. तेथील १९१८ च्या गिरणी कामगारांच्या लढ्याविषयी त्यांना कुतूहल वाटले व त्यातून महात्मा गांधींवरील त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये सिद्ध झाला. ह्या लढ्याच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते. त्यांच्या नेतृत्वाचा विचार करताना एरिक्‌सन ह्यांनी बालपणाइतकेच मध्यमवयातील जबाबदारीच्या जाणिवेलाही महत्त्व दिले. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर (१९३८–२०२४) ह्यांनी पुढे आश्रमकल्पना व एरिक्‌सनप्रणीत अवस्था ह्यांची तुलना केली.

ऱ्हासाविषयीचा वाद : बुद्धिमापन कसोट्यांच्या आधारे मात्र वेगळेच चित्र पुढे येत होते. डेव्हिड वेक्स्लर ह्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीनुसार सरासरी गुण विशीत सर्वाधिक असून त्यानंतर ते घटत जातात, असे दिसले. परंतु येथे एकाच वेळी निरनिराळ्या वयाच्या व्यक्तींची तुलना केलेली होती. सत्तर वर्षांची व्यक्ती व वीस वर्षांची व्यक्ती ह्यांच्यात केवळ वयाचा नव्हे, तर शालेय शिक्षण, आहार, आरोग्य व कसोट्यांचा सराव ह्यांचाही फरक असतो. के. वॉर्नर शाय ह्यांनी सीॲटल येथे १९५६ मध्ये ५०० प्रौढांची चाचणी घेऊन अभ्यासास प्रारंभ केला. दर सात वर्षांनी त्यांपैकी उपलब्ध व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली आणि प्रत्येक वेळी नव्या व्यक्तींचीही भर घातली. ह्या पद्धतीमुळे वयाचा परिणाम व पिढीचा परिणाम अलग करणे पुष्कळसे शक्य झाले. बहुतेक क्षमतांत निश्चित घट साधारणतः साठीनंतर दिसते, आकलनाचा वेग त्याआधीच मंदावतो, तर भाषिक क्षमता मध्यमवयातही वाढू शकते, असे आढळले. ऱ्हास म्हणून जे मोजले गेले होते, त्यातील बराच भाग वस्तुतः जुन्या पिढीला न मिळालेल्या संधींचा होता. १९८६ मध्ये शाय व शेरी विलिस ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रशिक्षणविषयक प्रयोगात, घट झालेल्या वृद्धांपैकी सु. ४० टक्के व्यक्ती आपल्या चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आल्याचे दिसले.

ह्या निष्कर्षांना सैद्धांतिक रूप देणाऱ्यांत पॉल बाल्टस (१९३९–२००६) हे जर्मन मानसशास्त्रज्ञ प्रमुख होत. त्यांच्या मते प्रत्येक वयात लाभ व हानी ही दोन्ही असतात. वयानुसार त्यांचे प्रमाण तेवढे बदलते. मोजक्या गोष्टींची निवड करणे, त्यांत प्रावीण्य राखणे व उणिवांची अन्य मार्गांनी भरपाई करणे, असे वार्धक्यातील समायोजनाचे तीन घटक मार्गारेट बाल्टस व त्यांनी १९९० मध्ये मांडले. विख्यात पियानोवादक आर्थर रूबिनस्टाइन ह्यांचे उदाहरण त्यांनी दिले. वृद्धपणी रूबिनस्टाइन मोजक्याच रचना वाजवीत, त्यांचा अधिक सराव करीत आणि द्रुत भागापूर्वीचा भाग मुद्दाम संथ वाजवून पुढील गतीचा ठसा उमटवीत.

मर्यादा : अवस्थांचे सिद्धांत कोणाच्या आयुष्यावरून रचले गेले, हा आक्षेप १९७० नंतर तीव्र झाला. डॅनियल लेव्हिन्सन ह्यांचा प्रौढावस्थेवरील १९७८ चा ग्रंथ ४० अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. स्त्रियांविषयीचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉरेन्स कोलबर्ग ह्यांनी नैतिक विकासाच्या अवस्था मुलांच्या उत्तरांवरून ठरविल्या, मुलींच्या नव्हे, ही त्रुटी कॅरल गिलिगन ह्यांनी १९८२ मध्ये निदर्शनास आणली. ग्लेन एल्डर ह्यांनी १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातील मुलांचा अभ्यास केला. १९२०–२१ मध्ये जन्मलेल्या मुलांनी मंदीला किशोरवयात तोंड दिले व घराला हातभारही लावला. १९२८–२९ मध्ये जन्मलेल्या मुलग्यांना मात्र त्याच आपत्तीची झळ अधिक बसली. म्हणजेच विकासाचा क्रम केवळ वयाने ठरत नसून इतिहासातील घटना कोणत्या वयात गाठते, ह्यावरही अवलंबून असतो. जेफ्री आर्नेट ह्यांनी २००० मध्ये साधारणतः १८ ते २५ ह्या वयासाठी सुचविलेली ‘उदयोन्मुख प्रौढत्वा’ची अवस्थाही दीर्घ शिक्षण परवडणाऱ्या समाजांपुरतीच मर्यादित आहे, अशी टीका झाली. लहान वयात मजुरी वा संसार पत्करणाऱ्यांच्या वाट्याला अशी अवस्था क्वचितच येते.

महत्त्व : प्रौढशिक्षण, निवृत्तीचे वय, वृद्धांचे पुनर्वसन व आरोग्यसेवा ह्यांविषयीच्या निर्णयांत मानवी विकासाचे कोणते चित्र गृहीत धरलेले असते, ह्याला व्यावहारिक महत्त्व आहे. वार्धक्य म्हणजे केवळ ऱ्हास असे मानल्यास वृद्धांना काही शिकविण्याचा वा त्यांच्याकडून काही अपेक्षिण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट, विकास अखेरपर्यंत होतो हे विधान सरसकट केल्यास दारिद्र्य, आजार व स्मृतिभ्रंश ह्यांनी घातलेल्या मर्यादा नजरेआड होतात. एरिक्‌सन ह्यांच्या सहकारी व पत्नी जोन एरिक्‌सन ह्यांनी स्वतःच्या नव्वदीत, १९९७ मध्ये, मूळ आराखड्याला अतिवृद्धत्वाची नववी अवस्था जोडली; तीत शरीराची साथ सुटू लागल्यावर पूर्वीचे सर्व पेच नव्याने समोर येतात, असे त्यांनी दाखविले. वयाच्या कोणत्याही टप्प्याविषयी अखेरचा शब्द त्या टप्प्याबाहेरील निरीक्षकाला सांगता येईल काय, हा प्रश्न ह्या भरीमुळे अधिक ठळक झाला.