पेलेट बर्नरचा पॉट का झिजतो? तपासणी, दुरुस्ती आणि देखभाल

हळद, आले, आवळा, शेवग्याचा पाला सुकवणारे ड्रायर, पिल्लांच्या ब्रूडिंग शेड, खवा भट्ट्या अशा ठिकाणी आता लाकूड किंवा डिझेलऐवजी पेलेटवर चालणारे बर्नर दिसू लागले आहेत. या बर्नरमध्ये सर्वांत जास्त उष्णता सोसणारा भाग म्हणजे पॉट, म्हणजेच ज्या भांड्यात पेलेट प्रत्यक्ष जळतात ते भांडे. ऐन हंगामात पॉटला भोक पडले की ड्रायर बंद पडतो, अर्धवट सुकलेल्या मालाला बुरशी लागते आणि केलेले कष्ट वाया जातात. बहुतेक ठिकाणी घाईघाईने नवा पॉट बसवला जातो. मात्र झिजेचे मूळ कारण तसेच राहिले तर नवा पॉटही त्याच वाटेने जातो.

मी पाहिलेल्या एका ड्रायरवर एकाच हंगामात दोनदा पॉट बदलला होता. दोष पत्र्याचा नव्हता. पेलेट मातीमिश्रित पऱ्हाटीचे होते आणि राख दिवसातून एकदाच काढली जात होती. पेलेट बदलले, दर चार तासांनी राख काढायला सुरुवात केली, त्यानंतर तिसरा पॉट टिकला. म्हणून आधी कारण शोधा, मग वेल्डिंग करा.

पॉट कसे काम करतो?

हॉपरमधील पेलेट फिरत्या स्क्रूने थोडे थोडे पॉटमध्ये पडतात. पॉटच्या तळाला आणि बाजूंना छिद्रे असतात. ब्लोअरची हवा तळाच्या छिद्रांतून येऊन पेलेट पेटवते, तर वरच्या छिद्रांतून येणारी हवा पेलेटमधून निघालेला ज्वलनशील वायू जाळते. हीच हवा पॉटचा धातू थंडही ठेवते.

राखेने काही छिद्रे बुजली की तेथील धातूला मिळणारी थंड हवा बंद होते आणि तो भाग लाल होतो. उरलेल्या छिद्रांतून हवा जोरात घुसते व लोहाराच्या भात्यासारखा एकाच जागी जाळ लागतो. तेथे धातूचे पापुद्रे सुटतात, छिद्र मोठे होते आणि हवेचा तोल आणखी बिघडतो. पॉटची झीज अशी दोन-चार छिद्रांपासून सुरू होते.

झिजेची प्रमुख कारणे

1) राख व क्लिंकर: लाकडी भुश्शाच्या चांगल्या पेलेटमध्ये राख साधारण 1 टक्क्यापर्यंत असते. बगॅस, पऱ्हाटी, भुईमुगाची टरफले यांच्या पेलेटमध्ये ती साधारण 2 ते 6 टक्के, तर भाताचा पेंढा व तूस यांत 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. तुमचा बर्नर तासाला 5 किलो पेलेट जाळत असेल, तर 10 तासांत 50 किलो पेलेट जळतात. 1 टक्का राखेच्या पेलेटपासून अर्धा किलो राख पडेल, 5 टक्के राखेच्या पेलेटपासून अडीच किलो. पॉट तोच, पण साफसफाई पाचपट लागते.

राख किती, याइतकेच ती कोणत्या तापमानाला वितळते हेही महत्त्वाचे. पिकांच्या अवशेषांत पालाश जास्त असते. पालाश व सिलिका एकत्र आले की राख कमी तापमानाला मऊ होते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखी कडक, काचेसारखी ढेकळे बनतात. हाच क्लिंकर. तो छिद्रांवर चिकटून बसतो.

2) क्लोरीन: अवशेषांतील क्लोरीन उष्णतेत धातूवरचा संरक्षक थर खातो. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक बर्नरमध्ये कधीही टाकू नका.

3) ओले पेलेट: ओलावा 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पेलेट फुटून भुस्सा होतो, जाळ मंद होतो, काजळी धरते.

4) गरम पॉटवर पाणी मारणे: लवकर थंड करण्यासाठी केलेल्या या एका चुकीने बिडाचा पॉट तडकतो.

5) चुकीचा धातू: साधे लोखंड साधारण 550 अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने पापुद्रे सोडते. 304 स्टेनलेस स्टील साधारण 850 अंशांपर्यंत, तर 310 स्टेनलेस स्टील साधारण 1000 अंशांपर्यंत टिकते.

लक्षणे ओळखा

- ज्योत पिवळी-चमकदार न राहता आळशी, नारिंगी व धुरकट होणे: छिद्रे बुजली आहेत किंवा हवा कमी आहे.
- एका कोपऱ्यातच जोरदार जाळ: त्या बाजूचे छिद्र मोठे झाले आहे किंवा पॉटला तडा आहे.
- राखेच्या ट्रेमध्ये न जळलेले पेलेट: तळाला भोक पडले आहे, किंवा पेलेटचा पुरवठा अथवा हवा प्रमाणाबाहेर आहे.
- पेलेट तेवढेच, पण ड्रायरचे तापमान चढत नाही: पॉट नीट बसलेला नाही, हवा बाजूने निसटते आहे.
- पेटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ: पेटवणाऱ्या हीटरसमोरचे छिद्र बुजले आहे.

तपासणीचा क्रम

1. बर्नर बंद करून वीजजोडणी काढा. पॉट पूर्ण थंड होऊ द्या. राखेतले निखारे अनेक तास धगधगत राहतात, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून उघड्यावर, गोणपाट व चाऱ्यापासून लांब ठेवा. मास्क वापरा.
2. क्लिंकर खरवडणीने काढा. बिडाच्या पॉटवर छिन्नी-हातोडा चालवू नका.
3. प्रत्येक छिद्र त्याच मापाच्या ड्रिल बिटने हाताने फिरवून मोकळे करा. छिद्र मोठे करू नका.
4. अंधारात पॉटच्या आत टॉर्च धरा. छिद्रांव्यतिरिक्त कोठूनही उजेड दिसला तर तेथे तडा आहे.
5. पॉटच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून तो वाकला आहे का ते पाहा. जागेवर ठेवल्यावर पॉट डुगडुगता कामा नये.
6. व्हर्निअरने तळाची जाडी मोजा व वरच्या न जळलेल्या कडेशी तुलना करा.
7. दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर दाराची दोरी-गॅस्केट बदला.

दुरुस्ती की बदल?

- छिद्रे बुजली, धातू शाबूत: फक्त सफाई पुरेशी.
- एखादा छोटा तडा किंवा दोन-चार छिद्रे मोठी झालेली, जाडी चांगली: वेल्डिंग करून घ्या.
- तळाची जाडी मूळच्या निम्म्यावर आली, अनेक तडे आहेत किंवा पॉट वाकला आहे: पॉट बदला. पातळ पत्र्यावर केलेले वेल्डिंग शेजारी नवे भोक पाडते.
- बिडाच्या पॉटला तडा: बदलणेच योग्य. हंगाम अडला असेल तर निकेल रॉडने, आधी तापवून व नंतर सावकाश थंड करून तात्पुरते वेल्डिंग करता येते.

वेल्डिंग करून घेताना

- तड्याच्या टोकाला 3 मिमीचे छिद्र पाडायला सांगा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. नंतर ग्राइंडरने पापुद्रे काढून चकचकीत धातू उघडा करून मगच वेल्डिंग करावे.
- 310 च्या पॉटला 310 चाच रॉड वापरावा. साधे लोखंड व स्टेनलेस जोडायचे असेल तर 309 चा रॉड वापरावा.
- चुंबक सोबत न्या. साधे लोखंड चुंबकाला घट्ट धरते, 304 व 310 जवळजवळ धरत नाही. त्यामुळे स्टेनलेस म्हणून साधा पत्रा गळ्यात पडत नाही. 304 की 310, हे मात्र चुंबकाने कळत नाही. ते बिलावर लिहून घ्या.
- मोठी झालेली छिद्रे भरून मूळ मापाने पुन्हा पाडावीत. छिद्रांची संख्या व माप जुन्या पॉटप्रमाणेच ठेवा.
- जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. त्याचा धूर अंगात ताप आणतो. स्टेनलेसचे वेल्डिंगही मोकळ्या हवेत करावे, त्याचा धूर आरोग्यास घातक असतो.
- पॉट जागेवर ठोकून घट्ट बसवू नका. तापल्यावर धातू फुगतो. त्याला थोडी जागा हवी, नाहीतर तो वाकतो.
- तड्यात भट्टीचे सिमेंट भरणे हा उपाय नव्हे. ते काही दिवसांत गळून पडते.
- वाफेचा बॉयलर असेल तर त्याच्या दाब असलेल्या भागाला गावातल्या वेल्डरचा हात लावू नका. ते काम अधिकृत माणसाचेच.

सुरक्षितता आधी

फुटक्या पॉटमधून अर्धवट ज्वलन होते व कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ब्रूडिंग शेडमध्ये थंडीमुळे पडदे लावलेले असतात, तेथे हा वायू पिल्लांबरोबर राखण करणाऱ्या माणसाचाही जीव घेऊ शकतो. बर्नरचा धूर चिमणीतून शेडबाहेरच गेला पाहिजे. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसली तर सर्वांना लगेच उघड्यावर आणा व 108 क्रमांकावर फोन करा. जळणाऱ्या बर्नरच्या शेडमध्ये झोपू नका.

झीज शेतातूनच रोखा

पेलेटसाठी अवशेष तुम्ही स्वतः देत असाल तर पॉटचे आयुष्य काही अंशी तुमच्या शेतातच ठरते.

- पऱ्हाटी, तुराट्या मुळासकट उपटल्यास मुळांची माती झटकून घ्या. माती म्हणजे राखच.
- काढणीनंतर पावसाची एखादी सर पडून पुन्हा कडक वाळलेल्या अवशेषांतील पालाश व क्लोरीन काही प्रमाणात धुऊन जाते. असा माल जळणाला चांगला. मात्र ओला माल गोळा करू नका.
- म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोरीन असते. ते दिलेल्या पिकाच्या काडात क्लोरीन वाढू शकते. असा माल भुश्शात मिसळून वापरावा.

नवे पेलेट मोठ्या प्रमाणात घेण्यापूर्वी 1 किलो पेलेट स्वच्छ पॉटमध्ये पूर्ण जाळून थंड राखेचे वजन करा. दर 10 ग्रॅम राख म्हणजे साधारण 1 टक्का. राख भुरभुरीत आहे की ढेकळे झाली, हेही पाहा. ढेकळे दिसली तर तो माल स्वस्त असला तरी घेऊ नका.

हंगामातील वेळापत्रक

- दर 4 ते 8 तासांनी: बर्नर बंद करून राख काढणे (राख जास्त असल्यास लवकर).
- रोज: छिद्रे व ज्योत पाहणे.
- आठवड्यातून एकदा: पॉट बाहेर काढून टॉर्चने तपासणे.
- महिन्यातून एकदा: ब्लोअरची पाती, गॅस्केट व चिमणी साफ करणे.
- हंगाम संपल्यावर: राख पूर्ण काढून पॉट कोरड्या जागी ठेवणे. राख ओलावा धरते व धातू गंजवते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक जादा पॉट व गॅस्केटची दोरी घरात आणून ठेवा. पॉट बदलावा लागला, तरी ड्रायरमधला माल वाया जाणार नाही.