आयोमीची दोन बोटे

यंत्रापुढे माणसाचे लक्ष क्षणभर चळले तर काय होते, हे घरी कडबाकुट्टी असणाऱ्या वाचकांस मी सांगावयास नको. आज ज्याची हकीकत सांगणार आहे, त्याला तर ते यंत्र कुणी शिकवलेलेच नव्हते.

टोनी आयोमी हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. जन्म १९ फेब्रुवारी १९४८. बर्मिंगहॅम म्हणजे धातुकामाचे शहर. महायुद्धात जर्मन विमानांनी ते भाजून काढले होते, आणि आयोमी वाढला त्या ॲस्टन भागात पडलेल्या घरांचे ढिगारे कित्येक वर्षे तसेच होते. शाळा सुटली की कारखाना, हा तिथला रिवाज. आयोमीही पत्र्याच्या कारखान्यात जोडकामाला लागला. रात्री गिटार वाजवी. १९६५ साली, सतराव्या वर्षी, एका वाद्यवृंदाबरोबर युरोपात जाण्याची संधी आली, तशी त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी घरी जेवायला आला तो परत जायला तयार नव्हता. पण काम अर्धे टाकू नये म्हणून आईने त्याला धाडले. त्या दिवशी पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचे माणूस गैरहजर होते, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र हातावर आले, त्याने झटक्यासरशी हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तिथेच राहिली.

गिटारला बहुधा सहा तारा असतात. एक हात त्या छेडतो, दुसरा पडद्यांवर दाबतो. आपल्या सतारीसारखेच म्हणा ना. आयोमी डावखुरा. तेव्हा तारा दाबण्याचा त्याचा हात उजवा, आणि दुखावला नेमका तोच. वादन आता विसर, असे डॉक्टरांनी सांगितले.

मग कारखान्याचा फोरमन भेटायला आला. त्याने एक ध्वनिमुद्रिका आणली होती. ती जँगो राइनहार्ट या रोमानी गिटारवादकाची. १९२८ मध्ये आगीत भाजून त्याची डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर तो युरोपात नावाजला. मला हा फोरमन मोठा शिक्षक वाटतो. त्याने उपदेश केला नाही, ऐकायला लावले.

आयोमीने साबणाच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोप्या केल्या, त्या घासून बोटांवर बसवल्या. प्लॅस्टिक तारेवरून निसटे, म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे वर चिकटवले. जाड तारा दाबताना बोटे दुखत. बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत, तेव्हा त्याने बँजोच्या तारा चढवल्या. पुढे तारा ढिल्या करून पट्टीच खाली आणली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांत ती नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. टोपीखालच्या बोटाला तार कळत नाही. त्यामुळे सगळी भिस्त कानावर. अनेक सुरांच्या अवघड जुळणीऐवजी दोनच सुरांचे भरीव ठोके तो वाजवू लागला.

१९६८ साली त्याच भागातील ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड यांच्यासह त्याने वृंद जमवला. त्याचेच पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ असे नाव झाले. पहिली ध्वनिमुद्रिका एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडली. समीक्षकांनी नाके मुरडली, लोकांनी विकत घेतली. त्याच वर्षीची दुसरी ‘पॅरानॉइड’ ब्रिटनमध्ये खपात पहिली आली. ‘हेवी मेटल’ म्हणून जो संगीतप्रकार जगभर गेला, त्याची सुरुवात बहुतेक जाणकार इथूनच धरतात. नावातला ‘मेटल’ म्हणजे धातू, हा योग मला गंमतीचा वाटतो. या संगीतातील काळोखाबद्दल पुष्कळांनी सैतानाला बोल लावला. मला त्यात पत्र्याचा कारखाना आणि सैल तारा अधिक ऐकू येतात.

२०१२ च्या आरंभी त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले. उपचार घेत घेतच त्याने २०१३ ची ‘थर्टीन’ ही ध्वनिमुद्रिका पुरी केली. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर चौघे मूळ साथीदार शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑस्बोर्न आसनावर बसून गायला; २२ जुलैला तो वारला. आयोमी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता, आणि बोटांवर टोप्या होत्याच.