एका फ्लॉपीत मावलेली प्रणाली

१/ साल १९९५. 'डेबियन' लिनक्सच्या ब्रूस पेरेन्स यांच्यापुढे पेच होता : संगणक सुरू करणारी, बिघडल्यास सावरणारी आणि डेबियन बसवणारी सारी सामग्री १.४४ मेगाबाइटच्या एकाच फ्लॉपीत मावायला हवी होती.

२/ प्रत्येक आज्ञेचा प्रोग्राम वेगळा ठेवला, तर समान भाग पुन्हा पुन्हा साठवावे लागत. पेरेन्स यांनी अनेक आज्ञा एकाच प्रोग्राममध्ये गुंफल्या. ज्या नावाने हाक येई, त्या आज्ञेचे काम तो करी. हाच 'बिझीबॉक्स'.

३/ फ्लॉपी अस्तंगत झाली. पण राउटरमध्येही जागा मोजकीच असे. २००३ मध्ये लिंक्सिसच्या राउटरमध्ये लिनक्ससह बिझीबॉक्स आढळला. मुक्त परवान्याच्या अटीमुळे कंपनीने सोर्स कोड खुला केला आणि त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' उभे राहिले. जागेच्या टंचाईतून जन्मलेले साधन असे वापरकर्त्यांच्या स्वातंत्र्याचे निमित्त ठरले.