नांदूर मध्यमेश्वर: दुष्काळी बंधाऱ्यापासून रामसर स्थळापर्यंत

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो बांधला गेला शेतीच्या पाण्यासाठी. त्यावेळी पक्ष्यांचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. 1896-97 आणि 1899-1900 च्या भीषण दुष्काळांनी दख्खनची खेडी उद्ध्वस्त केली होती. त्यानंतर 1901 मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने दुष्काळी मुलखाला पाटपाणी देण्याचा प्रश्न तपासला. 1907 ते 1913 या काळात हा बंधारा उभा राहिला. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांचे पाणी निफाडपासून कोपरगाव, राहात्यापर्यंत पोहोचले आणि अवर्षणाच्या त्या पट्ट्यात पुढे उसाची शेती उभी राहिली. दारिद्र्य हटवण्याचा तो एक सरकारी मार्ग होता.

निसर्गाचे काम मागाहून सुरू झाले. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उठली, काठाला लव्हाळे आणि पाणवनस्पती वाढल्या. सिंचनाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटाच. पाणपक्ष्यांना मात्र याच उथळ पाण्यात अन्न आणि आसरा मिळाला. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, करकोचे उत्तरेकडून येथे उतरू लागले. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्यामुळे या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही ओळख मिळाली आणि 1986 मध्ये सुमारे 100 चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य झाला.

हे पक्षी ज्या मार्गाने येतात तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला असून सुमारे तीस देशांवरून जातो. त्यांचे रक्षण एका देशाच्या कायद्याने होणे शक्य नाही. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर येथे झाला, तो मुख्यतः या पाणपक्ष्यांच्या काळजीपोटी. भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. पाणथळ जागा माणसापासून तोडून ठेवायची नाही, तिचा सुज्ञ वापर करायचा, हे या कराराचे तत्त्व आहे. या तत्त्वाचा गरिबांच्या जगण्याशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला मात्र बराच काळ गेला: 2005 मध्ये युगांडातील कंपाला येथे सदस्य देशांनी पाणथळ जागा आणि दारिद्र्य निवारण यांची सांगड घालणारा ठराव केला आणि 2008 मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे तो विषय पुढे नेला. मासे, गवत आणि गुरांच्या पाण्यावर जगणाऱ्या गरिबाला बाजूला सारून संरक्षण टिकत नाही, ही समज या ठरावांमागे आहे.

याच करारानुसार नांदूर मध्यमेश्वरच्या 1,437 हेक्टर क्षेत्राला 2019 मध्ये रामसर दर्जा मिळाला आणि जानेवारी 2020 मध्ये तो जाहीर झाला. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. नोंदींत 536 प्रजाती आहेत. त्यांत अतिसंकटग्रस्त गिधाडे आहेत, तसाच नाशिकजवळच्या देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा मासाही आहे. पाहुण्या पक्ष्यांची चर्चा खूप होते. या स्थानिक माशाला मात्र तेवढे लक्ष मिळालेले नाही, आणि ते मिळायला हवे.

सुज्ञ वापराची खरी कसोटी काठच्या गावांत लागते. अभयारण्याच्या कायद्याने मासेमारी आणि चराईवर बंधने येतात, आणि त्यांचा भार अल्प उत्पन्नाच्या घरांवर अधिक पडतो. त्याची काही भरपाई पर्यटनातून होते. चापडगावच्या बाजूला पक्षी पाहायला लोक येतात, आणि स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात. परंतु हे उत्पन्न हिवाळ्यापुरते असते, आणि मासेमारीवर वर्षभर जगणाऱ्याला ते पुरत नाही.

पाण्यावरचे ताणही वाढले आहेत. पाणवेली पसरतात, वाढत्या शहरांचा दाब येतो आणि पाण्याचा उपसा चालू राहतो. रामसरच्या माहितीतही या धोक्यांची नोंद आहे. शिवाय वरच्या धरणांतून खालच्या बाजूच्या जायकवाडी धरणाकडे सोडलेले पाणी याच बंधाऱ्यातून पुढे जाते. त्यामुळे ते किती आणि केव्हा सोडायचे याचा निर्णय होतो तेव्हा नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या शेतीबरोबर या जलाशयाची पातळीही त्याच निर्णयात ठरते.