सोपानकाकांची वाट : पहिल्या वारीचा विचार

प्रतिवर्षी ज्येष्ठ मास लागला की आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे पंढरीची पायी वारी. कोणी सेवानिवृत्त झालेले असतात, कोणाच्या मातोश्रींचा जुना संकल्प राहून गेलेला असतो, तर कोणा तरुणास आजोबांनी केलेली वारी एकदा आपल्या पायांनी अनुभवावयाची असते. परंतु बहुतेकांस वाट एकच ठाऊक असते. ती म्हणजे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघण्याची. लाखोंचा तो समुदाय पाहून पुष्कळांचा धीर खचतो आणि संकल्प पुढील वर्षावर जातो. ज्यास प्रथमच जावयाचे आहे, पण गर्दी सोसवत नाही, अशाने कोणती वाट धरावी, हा प्रश्न गतवर्षी आपल्या मंडळाच्या सभेतही निघाला होता. त्याचा इतिहासाच्या आधारे विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्दीची वाट तीच मूळची वाट आणि बाकीच्या दुय्यम, असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आषाढी-कार्तिकीस पंढरीस जाण्याची चाल ज्ञानदेवांच्याही पूर्वीची आहे, असे परंपरा मानते. त्या काळी आजच्यासारखा एक मोठा सोहळा नव्हता. आपापल्या गावाहून, आपल्या सोयीच्या रस्त्याने, पाचपंचवीस माणसे टाळमृदंगासह निघत आणि चंद्रभागेच्या वाळवंटी एकमेकांस भेटत. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये देहूहून तुकोबांच्या पादुका आळंदीस नेल्या व दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीस नेण्याची प्रथा पाडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इ. स. १८३२ च्या सुमारास, सातारा प्रांतीच्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींची स्वतंत्र पालखी सुरू केली. हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी असलेले गृहस्थ. त्यांनी दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजनाच्या वेळा यांस जी शिस्त लावून दिली, ती आजही पाळली जाते. अंकलीचे शितोळे सरदार यांच्याकडून अश्व येऊ लागले, तेही याच व्यवस्थेचे अंग होय. तेव्हा आज आपण जिला वारीचे मूळ रूप समजतो, ती व्यवस्था सुमारे दोनशे वर्षांची आहे. आणि लहान दिंडीने आडवाटेने जाण्याची रीत तिच्याहून जुनी आहे. निवांत वाट निवडणाऱ्याने आपण काही उणे करीत आहोत असे मानण्याचे कारण नाही.

आता अशा वाटा कोणत्या, ते पाहू. चारही भावंडांच्या पालख्या आषाढीस पंढरीस येतात. मुक्ताबाईंची पालखी जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगराहून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादहून, निघते. तिचा प्रवास सर्वांत लांबचा. वऱ्हाडातून व बीडवरून येताना महिना लागतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा या बाजूने येते व तिला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. पैठणहून निघणारी नाथांची पालखी पाटोदे, खर्डे, परांडे, कुर्डू, करकंब अशा गावांवरून अठरा-एकोणीस दिवसांत येते. नाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरास नेलेली विठ्ठलमूर्ती परत पंढरीस आणली, अशी परंपरा आहे. त्यामुळे त्या वाटेस निराळेच मोल आहे. या तिन्ही वाटा थोर खऱ्या. परंतु ज्याने कधी सलग चार दिवसही चालून पाहिले नाही, ज्यास कचेरीतून महिनाभर रजा मिळणे कठीण, त्याने पहिल्याच वर्षी त्या धराव्यात असे आम्ही सांगणार नाही.

राहिली सोपानदेवांची वाट. परंपरेप्रमाणे सोपानदेवांचा जन्म इ. स. १२७७ चा. थोरल्या बंधूंनी आळंदीस समाधी घेतल्यानंतर एका महिन्याने, इ. स. १२९६ मध्ये मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, त्यांनी सासवड येथे समाधी घेतली. नामदेवरायांच्या समाधिपर अभंगांत या भावंडांच्या वियोगाचे वर्णन आले आहे. कऱ्हेकाठचे हे सासवड मराठ्यांच्या इतिहासातही गाजलेले गाव. पुरंदऱ्यांचे वाडे येथलेच, आणि पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे देहावसान इ. स. १७२० मध्ये येथेच झाले. माउलींची पालखी पुण्याहून सासवडास येऊन मुक्काम करते, त्या वेळी ज्येष्ठ वद्य द्वादशीस सोपानकाकांची पालखी प्रस्थान ठेवते. म्हणजे धाकटा भाऊ थोरल्याचे दर्शन घेऊन पुढे निघतो. थोरल्या बंधूंची पालखी तेथून जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण या मार्गाने जाते. धाकट्यांची पांगारे, मांडकी, निंबुत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे या गावांवरून बारामतीस येते व पुढे लासुर्णे, अकलूज असे करीत वाखरीकडे वळते.

या वाटेचे पहिल्या वारीसाठी काही उघड लाभ आहेत. एक म्हणजे काळ : हा प्रवास सुमारे पंधरा दिवसांचा आहे. दुसरे अंतर : ते दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते, आळंदीहून मोजल्यास अडीचशेच्या घरात जाते. तिसरा लाभ सर्वांत मोठा. पुणे ते सासवड ही माउलींच्या मार्गावरील सर्वांत लांब मजल होय. तीस किलोमीटरांहून अधिक चाल, त्यात दिवे घाटाची चढण, आणि दिवस एकादशीच्या उपवासाचा. नवख्या माणसाचा कस तेथेच लागतो. सासवडास वारी आरंभणाऱ्यावर ही मजल येतच नाही. चौथे, मार्गाचा बराच भाग नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यातून जातो. गावे जवळजवळ आहेत व पाण्याची, विसाव्याची अडचण कमी पडते. बारामती व अकलूज ही गावे तुकोबांच्या पालखीच्या मार्गावरही आहेत. तेव्हा ही वाट सर्वस्वी एकाकी आहे असे नव्हे; पण मृदंगाचा ठेका आणि शेजाऱ्याचा आवाज दोन्ही स्वच्छ ऐकू यावेत, इतकी ती निवांत निश्चित आहे.

आमचा स्वतःचा अनुभव थोडक्यात नमूद करतो. आम्ही प्रथम निघालो तो थोरल्या वाटेनेच. बरोबर आमच्या वडील मावशी होत्या, वय अडुसष्ट. त्यांच्या सासूबाईंनी अनेक वाऱ्या केल्या होत्या. यांच्या वाट्यास मात्र संसारामुळे एकही आली नव्हती. दिवे घाटाच्या पायथ्याशी गर्दीत आमची व त्यांची ताटातूट झाली. तीन तासांनी एका पाण्याच्या टँकरच्या आडोशास त्या बसलेल्या सापडल्या. पायांस फोड आले होते, आणि त्याहून अधिक म्हणजे मन बसले होते. त्या म्हणाल्या, “अरे, विठोबा नकोसा झाला नाही, ही रेटारेटी सोसवत नाही. मला घरी ने.” आम्ही परत आलो. वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि आम्हांसही काढवला नाही. पुढील वर्षी सासवडच्या एका परिचितांनी सोपानकाकांच्या वाटेची माहिती दिली. मावशींनी दोनच गोष्टी विचारल्या : “घाट नाही ना?” आणि “मी मागे पडले तर कुणी थांबेल का?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ते कोऱ्हाळ्याच्या अलीकडे मिळाले. मावशी मागे राहिल्या असता दिंडीचे विणेकरी स्वतः मागे वळून आले आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून मुक्कामापर्यंत चालले. लहान दिंडीत कोण मागे राहिले हे सर्वांस कळते. मावशी पंढरीस पोहोचल्या.

येथे आपल्या मंडळाच्या दृष्टीने एक नाजूक गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. गतवर्षीच्या सभेत काही सभासदांनी अशी सूचना केली की, आपल्या ज्ञातीची स्वतंत्र दिंडी काढावी, म्हणजे नवख्यांची सोय होईल व समाजाचे नावही होईल. सूचनेमागील आस्था आम्ही जाणतो. तथापि तीस आमची संमती नाही. वारीचा इतिहास याबाबतीत जितका उज्ज्वल आहे तितकाच खेदजनकही आहे. कै. इरावती कर्वे यांनी वारीत चालून जो लेख लिहिला, त्याचे इंग्रजी रूप इ. स. १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच देवाची एकच गाणी गाणारी माणसे जेवणाच्या वेळी जातवार वेगळी बसतात, याचे दुःख त्यांनी त्यात मांडले आहे. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावे म्हणून सानेगुरुजींस इ. स. १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. हे ध्यानी घेता, ज्ञातीच्या नावाचा फलक घेऊन वारीत जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्ञातिसंस्थेने मुलांस शिष्यवृत्ती द्यावी, अडल्यानडल्यास हात द्यावा; परंतु पंढरीच्या वाटेवर आपल्या माणसांनी एखाद्या गावच्या दिंडीत मिसळून जावे आणि जी पंगत बसेल तीत बसावे. त्या विणेकऱ्यांची ज्ञात कोणती, हे आम्ही विचारले नाही व त्यांनीही आमची विचारली नाही.

ज्यांचा निश्चय होईल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. वाट एकट्याने धरू नये. दोन-तीन महिने आधी एखाद्या दिंडीच्या प्रमुखांस भेटून नाव नोंदवावे. दिंडीची भिशी, म्हणजे भोजनादी खर्चाची वर्गणी, किती आहे, सामानासाठी ट्रक आहे किंवा नाही, राहुटीत स्त्रियांची स्वतंत्र व्यवस्था आहे काय, हे स्पष्ट विचारून घ्यावे. त्यात संकोच नको. मुक्कामांचे वेळापत्रक तिथींप्रमाणे दरवर्षी नव्याने ठरते, म्हणून जुन्या कागदावर विसंबू नये. निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालण्याचा सराव ठेवावा आणि पायांस रुळलेलेच पादत्राण घ्यावे. नव्या चपलेने जितके वारकरी परत फिरवले आहेत तितके पावसाने फिरवले नसतील. मधुमेह वा रक्तदाबाचे औषध सामानाच्या ट्रकात न टाकता खांद्याच्या पिशवीतच असावे. पहाटेची काकडआरती, वाटेतील भजन, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन हा क्रम जमेल तितका पाळावा, कारण दिवसाची चाल त्या क्रमानेच हलकी होते. आणि ज्यास पंधरा दिवसही मिळत नाहीत त्याने दोन मुक्काम चालून परत यावे; त्यासही कोणी अडविलेले नाही.

अखेरीस एक प्रसंग. पंढरी दोन-तीन दिवसांवर राहिली असता, भंडीशेगावाच्या अलीकडे टप्पा नावाच्या ठिकाणी माउलींची व सोपानकाकांची पालखी एकत्र येते. यास बंधुभेट म्हणतात. दोन्ही सोहळ्यांचे प्रमुख परस्परांस श्रीफळ देतात, गळाभेट होते आणि सासवडास वेगळ्या झालेल्या दोन वाटा पुन्हा जवळ येतात. तेथून पुढे गर्दी आहेच. वाखरीस सर्व संतांच्या पालख्या मिळतात व नामदेवरायांची पालखी पंढरीहून त्यांस सामोरी येते. निवांत वाटेने आलेल्यासही अखेर त्याच महासागरात शिरावे लागते. परंतु पंधरा दिवसांत पाय व मन दोन्ही तयार झालेले असतात. टप्प्यावर तो लोटलेला जनसमुदाय पाहून आम्ही मावशींकडे काळजीने पाहिले, तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि आमच्या पुढे चालू लागल्या.

इ. स. २०२० व २०२१ या दोन वर्षी रोगाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. मोजक्या माणसांसह पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. तेव्हा वाटेचे मोल अनेकांस नव्याने कळले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एखादी मावशी, एखादे काका “पुढल्या वर्षी पाहू” म्हणत बसले असतील, त्यांनी यंदाच्या ज्येष्ठात त्यांना सासवडास घेऊन जावे, अशी आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे.