गळकी झडप आणि आवरलेली उष्णता

चिखली-मेहकरकडच्या शेतकऱ्याला ‘फुटवॉल’ समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवरची मोटार बंद झाली की पाइपातले पाणी खाली न जाऊ देणारी ही झडप. ती गळू लागली की दर वेळी पाइपात पाणी भरत बसावे लागते. आपल्या पायांच्या शिरांत, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या नीलांत, अशाच झडपा असतात.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंमुळे. चालताना स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकते आणि झडपा त्याला परत फिरू देत नाहीत. स्तब्ध उभे असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो; चालू लागताच तो ३० च्या आसपास उतरतो. शेगावहून पायी पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याचा हा पंप दिवसभर चालू असतो. फळ्यापुढे उभ्या गुरुजींचा बराच वेळ बंद! झडपा गळक्या असतील तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते आणि काहींना तेथे लवकर न भरणारी जखम होते. मलमपट्टी जखमेवर चालू राहते. गळती मात्र पुष्कळदा वर, जांघेजवळ सुरू झालेली असते.

या झडपांवर इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या फॅब्रिशियस यांनी १६०३ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. रक्त एकदम पायाकडे धावून साचू नये म्हणून त्या असाव्यात, असे त्यांना वाटे. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये खरा अर्थ सांगितला : झडपांमुळे शिरांतले रक्त हृदयाच्याच दिशेने जाते. त्याचा प्रयोग वर्गात करता येतो. दंडावर फडके बेताने बांधा. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. हातावरच्या शिरा फुगून त्यांवर गाठी दिसतील. एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारा. मधला भाग रिकामाच राहतो. (फडके मिनिटभरात सोडावे.)

दुखण्याचे मूळ वर आहे हे ओळखून जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतली मोठी वरवरची शीर बांधून टाकली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती शीर तार घालून उपसून काढण्याची पद्धत आली आणि शतकभर टिकली. पायातले बहुतेक रक्त खोल शिरांतून जाते, म्हणून ही एक शीर गेल्याने अडत नाही. पण उपसण्याला भूल लागे, मांडी काळीनिळी होई.

मग शीर आतूनच भाजून बंद का करू नये? भाजण्याची कल्पना जुनीच. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. १९६० च्या दशकात पोलंडमध्ये पोलितोव्स्की यांनी शिरेत विजेची सळई घालून पाहिली. शिरा बंद झाल्या, पण काहींची कातडीही भाजली. उष्णता हाताशी होती. ती कोठपर्यंत पोहोचते हे दिसत नव्हते आणि तिला अडवायलाही काही नव्हते.

ही उणीव भलत्याच वाटांनी भरून निघाली. रक्ताचा उलटा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी १९८० च्या दशकात रुळली. सौम्य मिठाच्या पाण्यात भुलेचे औषध मिसळून ते भरपूर प्रमाणात टोचण्याची युक्ती अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीही चरबी काढण्यासाठी! हे पाणी शिरेभोवती टोचले की दुखत नाही, शीर सळईवर आवळून बसते आणि बाहेर जाणारी उष्णता पाण्यातच मुरते. माझ्या मते या इतिहासातला खरा शोध हे पाणी आहे. लेसरचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले.

स्पेनच्या कार्लोस बोने यांनी १९९९ मध्ये शिरेच्या आतून लेसर वापरल्याचे कळवले. त्याच वर्षी रेडिओलहरींच्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या पुढच्या पिढीत सळईचे ७ सेंटिमीटरचे टोक २० सेकंद १२० अंश सेल्सियसवर तापते, मग सळई तेवढीच मागे ओढायची. गुडघ्याजवळ सुईएवढे छिद्र पुरते आणि रोगी थोड्या वेळात चालू लागतो. भाजलेली शीर आकसते आणि काही महिन्यांत शरीर तिला जिरवून टाकते. खोल शिरा तुंबलेल्या असतील तर मात्र ही शीर बंद करण्याआधी फार विचार करावा लागतो. तेव्हा तीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते.

घोट्याच्या जखमेला याचा उपयोग किती? ब्रिटनमधील ४५० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सर्वांना दाबपट्टी होतीच. ज्यांच्या गळक्या शिरा लगेच आतून बंद केल्या, त्यांच्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता; ज्यांचा हा उपचार पुढे ढकलला, त्यांच्यात ८२ दिवस.